‘२००० पट मोठं दाखवतो’, पण दिसतं काय? मायक्रोस्कोप घेण्याआधी

मायक्रोस्कोप घ्यायचा म्हणून ऑनलाइन शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ उडतो. एक प्लास्टिकचा, खेळण्यातला वाटावा असा, त्यावर ‘१२०० पट’. दुसरा धातूचा, जड, त्याच्या कितीतरी पट महाग, आणि त्यावर मात्र ‘४० ते ४०० पट’. तिसरा मोबाइलला वायरने जोडायचा, अंगठ्याएवढा, त्यावर ‘१६०० पट’. आकडा मोठा आणि किंमत कमी, मग विचार कसला करायचा? खोकं घरी येतं, मुलगी दोन संध्याकाळ डोळा लावून बसते, करड्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही आणि यंत्र माळ्यावर जातं. वर ‘तिला विज्ञानाची आवडच नाही’ असा निष्कर्षही निघतो. खरं तर त्या यंत्रातून कोणालाच काही दिसलं नसतं.

मोठं दिसणं वेगळं, स्पष्ट दिसणं वेगळं

नेहमीच्या मायक्रोस्कोपमध्ये भिंगांचे दोन संच असतात. बघायच्या वस्तूजवळ असतो तो ऑब्जेक्टिव्ह, डोळ्याजवळ असतो तो आयपीस. ऑब्जेक्टिव्ह ४० पटीचा आणि आयपीस १० पटीचा असेल, तर एकूण ४०० पट. गणित इतकंच. त्यामुळे आकडा फुगवणं अगदी सोपं असतं. १० पटीच्या आयपीसऐवजी २५ पटीचा स्वस्त आयपीस बसवला की ४०० चे १००० होतात. मध्ये आणखी एक भिंग घातलं की २०००.

पण पासपोर्ट साइजचा फोटो भिंतीएवढा मोठा केला म्हणून त्या चेहऱ्याच्या पापण्या मोजता येत नाहीत. फोटोत जे उतरलंच नव्हतं, ते मोठं करून दिसणार कुठून? मायक्रोस्कोपमध्ये हा ‘फोटो’ तयार करतो ऑब्जेक्टिव्ह, आयपीस तो फक्त मोठा करून दाखवतो. म्हणून खरी ताकद मोजायची ती ऑब्जेक्टिव्हची, आणि ती पटींत मोजत नाहीत. एकमेकांना खेटून असलेले दोन ठिपके किती जवळ असले तरी दोन म्हणून वेगळे दिसतात, यावर ती ठरते.

प्रकाश ही लहर असल्यामुळे या ताकदीला निसर्गानेच कुंपण घातलं आहे. जर्मनीतल्या येना इथे काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे कुंपण नेमकं कुठे आहे ते मांडलं. ऑब्जेक्टिव्ह वस्तूकडून येणारा प्रकाश जितक्या रुंद कोनातून गोळा करतो, तितका बारीक तपशील तो दाखवू शकतो. हा कोन सांगणाऱ्या आकड्याला ‘न्यूमरिकल अपर्चर’ म्हणतात. आपण त्याला एनए म्हणू. या लेखातला हा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता थोडा हिशोब. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिरव्या प्रकाशात ०.२५ एनएचा साधा १० पटीचा ऑब्जेक्टिव्ह साधारण १.३ मायक्रॉन अंतरावरचे ठिपके वेगळे दाखवतो. ०.६५ एनएचा ४० पटीचा ऑब्जेक्टिव्ह ०.५ मायक्रॉनपर्यंत पोहोचतो. आणि १.२५ एनएचा १०० पटीचा, तेल लावून वापरायचा ऑब्जेक्टिव्ह ०.२७ मायक्रॉनपर्यंत. त्यापलीकडे हौशी माणसाच्या यंत्रात जवळजवळ काही शिल्लक नाही.

यातूनच एक व्यवहारी नियम निघतो: एकूण पट एनएच्या ५०० ते १००० पट इतकीच उपयोगाची. म्हणजे ०.६५ एनएला ३२५ ते ६५०. सर्वांत ताकदवान १.२५ लासुद्धा फार तर १२५०. त्याच्या वर जे काही आहे ते रिकामं मोठेपण. चित्र मोठं होतं, अंधूक होतं, नवं काही दिसत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या मायक्रोस्कोपच्या जाहिरातीत ‘२००० पट’ लिहिलं असेल, तर खोकं न उघडताच कळावं की आकडा ग्राहकासाठी आहे, डोळ्यासाठी नाही.

उलट उदाहरणही बघण्यासारखं आहे. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून जिवाणू पाहिले. त्याच्या टिकून राहिलेल्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग साधारण २७० पटीचं आहे. भिंग चांगलं होतं, प्रकाश कसा पाडायचा हे त्याला कळत होतं, बस.

आधी ठरवा, बघायचं काय

‘चांगला मायक्रोस्कोप कोणता’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण मायक्रोस्कोप या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळी यंत्रं विकली जातात आणि एकाचं काम दुसरं करत नाही.

पहिलं आहे कंपाउंड मायक्रोस्कोप, म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. यात प्रकाश खालून येतो आणि वस्तूच्या आरपार जातो. त्यामुळे वस्तू पातळ आणि पारदर्शक असावी लागते: पाण्याचा थेंब, कांद्याचा पापुद्रा, परागकण, रक्ताचा पातळ थर. काचपट्टी, म्हणजे स्लाइड, तयार करावीच लागते. चित्र उलटं दिसतं. स्लाइड डावीकडे सरकवली की आतला जीव उजवीकडे पळतो. हाताला सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

दुसरं आहे स्टिरिओ मायक्रोस्कोप. त्याची पट साधारण १० ते ४०. एवढीच? हो, एवढीच, आणि तरीही नवशिक्याला सर्वांत जास्त आनंद यातूनच मिळतो असं माझं ठाम मत आहे. यात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या कोनातून दोन स्वतंत्र चित्रं मिळतात, त्यामुळे खोली दिसते. चित्र सुलटं असतं. भिंगाखाली साधारण १० सेंटिमीटर मोकळी जागा असते, तिथे चिमटा, सुई, सोल्डरिंगचं टोक सहज जातं. तयारी काहीच नाही. मेलेली माशी, वाळूचे कण, शेवाळ, पानाची मागची बाजू, नाणं, सर्किट बोर्ड, जे हाताला लागेल ते ठेवायचं आणि बघायचं. माशीच्या डोळ्याची षटकोनी जाळी पहिल्यांदा अशी उठून दिसली की मूल स्वतःहून पुढची वस्तू शोधायला पळतं. दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलासाठी, कीटक-वनस्पती-खडे जमवणाऱ्यासाठी आणि इलेक्ट्रॉनिक्सची हौस असणाऱ्यासाठी स्टिरिओच घ्यावा.

जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आणि डबक्यातल्या पाण्याचं वेड लागलेल्याला मात्र कंपाउंड हवा. कशाला किती ताकद लागते याचा अंदाज आकारांवरून येतो. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पॅरामिशियम हा डबक्यातल्या पाण्यातला एकपेशीय जीव २०० ते ३०० मायक्रॉन लांब, तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉन, बरेचसे जिवाणू १ ते २ मायक्रॉन. ४०० पटीला रक्तपेशी उत्तम दिसतात, जिवाणू मात्र नुसते हलणारे ठिपके. करोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे वर सांगितलेल्या कुंपणाच्या पलीकडचा. तो प्रकाशावर चालणाऱ्या नेहमीच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही, पट कितीही लिहिलेली असो.

ऑब्जेक्टिव्हवर काय कोरलंय?

कंपाउंड घ्यायचं ठरलं की पहिली गोष्ट: ऑब्जेक्टिव्हच्या अंगावरचे आकडे वाचा. ऑनलाइन असेल तर फोटो मोठा करून वाचा. नीट बनवलेल्या ऑब्जेक्टिव्हवर दोन ओळी असतात. वरच्या ओळीत ‘४०/०.६५’ असं काही: पहिला आकडा पट, दुसरा एनए. खालच्या ओळीत ‘१६०/०.१७’. यातलं १६० म्हणजे नळीची लांबी मिलिमीटरमध्ये. तिथे अनंताचं चिन्ह असेल तर रचना नव्या पद्धतीची आहे, आणि तेही उत्तमच, फक्त दोन्ही प्रकारचे ऑब्जेक्टिव्ह एकमेकांत मिसळायचे नाहीत. ०.१७ ही वस्तूवर ठेवायच्या पातळ काचेची, कव्हरस्लिपची, जाडी. ४० च्या ऑब्जेक्टिव्हचं गणित ही जाडी धरूनच केलेलं असतं. कव्हरस्लिप न ठेवता, किंवा तिच्याऐवजी दुसरी जाड काचपट्टी ठेवून बघितलं, तर चांगल्या भिंगातूनही चित्र धूसर येतं. यंत्राला नावं ठेवण्याआधी एवढं तपासावं.

ऑब्जेक्टिव्हवर एनए कोरलेलाच नसेल, तर तो मायक्रोस्कोप बाजूला ठेवा. इतका साधा आणि इतका उपयोगी दुसरा नियम मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: ऑब्जेक्टिव्हचे आटे प्रमाणित आहेत का? २०.३२ मिलिमीटर व्यासाचे आटे एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहेत आणि आजही कितीतरी कंपन्या तेच वापरतात. असे असतील तर पुढे एखादा ऑब्जेक्टिव्ह बदलता येतो, जुना चांगला मिळाला तर लावता येतो. खेळण्यातल्या मायक्रोस्कोपचे आटे मात्र त्याचे त्यालाच बसतात.

‘अक्रोमॅट’ आणि ‘प्लॅन’ हे शब्दही दिसतील. अक्रोमॅट म्हणजे लाल आणि निळा प्रकाश एकाच जागी आणणारं भिंग, ज्यामुळे कडेला रंगीत झालर कमी दिसते. प्लॅन म्हणजे मधोमधचा भाग स्पष्ट केला की कडाही स्पष्ट राहतात. शिकायला अक्रोमॅट पुरे. फोटो काढायचे असतील तर प्लॅनसाठी जास्त खर्च करावा.

भिंगांवर खर्च, प्रकाशाची हेळसांड

मायक्रोस्कोप निवडताना सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या चौथऱ्याच्या, खाली असतो. तिथे कंडेन्सर असतो: दिव्याचा प्रकाश गोळा करून वस्तूवर नेमक्या कोनात सोडणारं भिंग. त्याला जोडून आयरिस असते, कॅमेऱ्यात असते तशी लहान-मोठी होणारी पाकळ्यांची झडप. ऑब्जेक्टिव्ह कितीही चांगला असला तरी खालून पुरेशा रुंद कोनातून प्रकाश मिळाला नाही, तर त्याचा एनए कागदावरच राहतो. काही स्वस्त यंत्रांत कंडेन्सर नसतो, आयरिसच्या जागी भोकं पाडलेली फिरती चकती असते. १० च्या ऑब्जेक्टिव्हपर्यंत ती चालते, ४० ला तिची मर्यादा जाणवते.

हे डोळ्याने बघायचं तर डबक्यातल्या पाण्याचा एक थेंब घ्या. १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली पॅरामिशियम शोधा. आयरिस पूर्ण उघडी असताना समोर पांढराशुभ्र उजेड असतो आणि त्यात काहीतरी पुसट सरकल्याचा भास. आता आयरिस हळूहळू बंद करत आणा. एका ठिकाणी अचानक कडा उमटते, आतले गोल कप्पे वेगळे होतात, आणि नीट लक्ष दिलं तर बाहेरच्या केसांची थरथरही जाणवते. आणखी बंद केली की प्रत्येक कडेला जाड काळ्या रेघा येतात आणि बारीक तपशील जातो. पारदर्शक जीव बघण्याचं निम्मं कौशल्य आयरिस उघडण्या-मिटण्याच्या या एका दांडीत आहे. म्हणून माझ्या हिशोबात एक ऑब्जेक्टिव्ह कमी चालेल, पण आयरिस असलेला कंडेन्सर हवा.

दिवा एलईडीचा आणि कमी-जास्त होणारा असावा. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर तो आकाशाच्या उजेडाकडे किंवा दिव्याकडे वळवावा, सूर्याकडे कधीच नाही. भिंगांतून एकवटलेलं ऊन थेट डोळ्यात जातं आणि इजा कायमची होऊ शकते.

हात लावून बघा

दुकानात यंत्र समोर असेल, किंवा परत करायची मुदत असेल, तर ही तपासणी करा. कुठलीही स्लाइड १० च्या ऑब्जेक्टिव्हखाली स्पष्ट करा, तिच्यावरचा एखादा ठिपका मधोमध आणा आणि ४० चा ऑब्जेक्टिव्ह फिरवून आणा. ठिपका जवळपास मधेच असला पाहिजे आणि बारीक फोकसच्या थोड्या फिरकीत स्पष्ट झाला पाहिजे. तो दिसेनासा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागला, तर यंत्राची जुळणी चांगली नाही. मग बारीक फोकसची चकती पुढे-मागे फिरवा. चित्र स्पष्ट-अस्पष्ट व्हावं, बाजूला उडी मारू नये. ४० वर स्पष्ट करून थोडा वेळ हात न लावता थांबा. फोकस आपोआप जात असेल, तर स्टेज स्वतःच्या वजनाने खाली घसरते आहे.

दोन फोकस, एक मोठा आणि एक बारीक, असायलाच हवेत. स्लाइड सरकवायला दोन स्क्रूंची यांत्रिक स्टेज असेल तर फार बरं, कारण ४०० पटीला बोटाचा हलका धक्काही वस्तू नजरेबाहेर फेकतो. याचं कारणही आकड्यांत आहे. नेहमीच्या आयपीसमधून १० च्या ऑब्जेक्टिव्हला साधारण १.८ मिलिमीटर रुंद वर्तुळ दिसतं, ४० ला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ज्या पॅरामिशियमचा पाठलाग १०० पटीला आरामात करता येतो, तो ४०० पटीला अर्धं वर्तुळ व्यापतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातो. त्याला थोपवायला थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकतात.

आणि वजन. जड यंत्र हलत नाही, इतकंच.

‘पण १०० चा ऑब्जेक्टिव्ह नकोच का?’

कॉलेजात जिवाणू किंवा रक्ताच्या स्लाइड अभ्यासायच्या असतील तर हवा. बाकीच्यांनी त्यासाठी घाई करू नये. तो कोरडा चालत नाही. स्लाइड आणि भिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब लागतो. हे तेल प्रकाशाला काचेइतकंच वळवत असल्यामुळे किरण मधल्या हवेत निसटत नाहीत आणि एनए १ च्या पुढे जातो. भिंग आणि काच यांच्यात उरतं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी अंतर. प्रत्येक वेळी तेल पुसावं लागतं. नवशिक्याच्या हातून हमखास घडणारा अपघात म्हणजे तेल असतानाच ४० चा कोरडा ऑब्जेक्टिव्ह त्यातून फिरवणं. मग ‘४० बिघडला’ अशी तक्रार सुरू होते. शिवाय जिवाणू बघायचे तर बहुधा त्यांना रंग द्यावा लागतो.

‘स्क्रीनवर दाखवणारा यूएसबी मायक्रोस्कोप बरा ना?’

कामाचा आहे, फक्त त्याच्या आकड्यावर जाऊ नका. समजा तीन मिलिमीटर रुंदीचा भाग ६० सेंटिमीटर रुंद मॉनिटरवर दिसतोय. झाले २०० पट. तोच मॉनिटर काढून १२० सेंटिमीटर रुंद टीव्ही लावा, झाले ४००. भिंगाने काहीही जास्त केलेलं नाही. सर्किट बोर्ड, नाणी, कापडाचे धागे चार जणांना एकदम दाखवायला ही चीज छान आहे. पेशी बघायला नाही. फोटोच हवे असतील तर साध्या कंपाउंडच्या आयपीसवर मोबाइल धरून बसवणारा आधार घ्यावा. निकाल बहुतेक वेळा जास्त चांगला येतो.

‘दोन आयपीसचा घेतला तर खोली दिसेल?’

कंपाउंडमध्ये नाही. तिथे एकच चित्र दोन्ही डोळ्यांना वाटून दिलेलं असतं. तासन्‌तास बघणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र त्याने खूप आराम मिळतो. लहान मुलासाठी घेताना दोन आयपीसमधलं अंतर किती कमी होतं ते तपासा. अनेक यंत्रांत ते ५५ मिलिमीटरच्या खाली येत नाही, आणि मुलाच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असू शकतं. अशा मुलाला एका आयपीसचा सोपा जातो.

‘त्याची हौस टिकली नाही तर?’

ही शंका रास्त आहे, पण तिच्यावर खेळण्यातला मायक्रोस्कोप हा उपाय नव्हे. हौस आहे की नाही हे तपासायचं तर आधी १० पटीचं चांगलं घडीचं भिंग द्या. किंवा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला, २०१४ मध्ये शोधनिबंधातून मांडलेला फोल्डस्कोप: कागदाच्या घड्या घालून तयार होणारा, एका छोट्या भिंगाचा, साधारण १४० पटीचा. त्यातून कांद्याच्या पेशी खरोखर दिसतात. मूल त्यावर रमलं, तर पुढचा खर्च निर्धास्तपणे करावा.

जुनं यंत्र मिळत असेल तर ते नव्या स्वस्त यंत्रापेक्षा कितीतरी सरस निघू शकतं. मात्र आयपीस काढून नळीतून उजेडाकडे बघा, ऑब्जेक्टिव्हही काढून उलटा धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती भिंगावरचा लेप खाते, आणि पुसली तरी डाग राहू शकतो. फोकसची चकती घट्ट बसली असेल तर बरेचदा आतलं ग्रीस सुकलेलं असतं, ते जाणकाराकडून दुरुस्त होतं. नव्या यंत्रालाही दमट हवेत हीच बुरशी धरते, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवावं. भिंगावरची धूळ आधी हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवावी, मग लेन्स पेपरने हलकेच पुसावी. सदऱ्याचं टोक वापरू नये.

यंत्रासोबत तयार स्लाइडचा संच बहुधा मिळतोच. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला कोऱ्या काचपट्ट्या, ०.१७ मिलिमीटरच्या कव्हरस्लिप (पाकिटावर ‘१.५ नंबर’ लिहिलेल्या), एक ड्रॉपर, टोकदार चिमटा आणि मेथिलीन ब्ल्यूची छोटी बाटली घ्या. गालाच्या आतून कापसाच्या काडीने हलकेच घेतलेल्या पेशी या निळ्या रंगाच्या थेंबात ठेवल्या की ४०० पटीला प्रत्येक पेशीत मधोमध गडद केंद्रक दिसतं. आणि मोजमाप करायचं असेल तर ४ च्या ऑब्जेक्टिव्हखाली पारदर्शक पट्टी ठेवा: वर्तुळाच्या आत मिलिमीटरच्या किती रेघा बसतात ते मोजा. तो आकडा दहाने भागला की ४० च्या ऑब्जेक्टिव्हच्या वर्तुळाची रुंदी मिळते, आणि समोरची पेशी त्यात किती वेळा बसते यावरून तिचा आकार काढता येतो.